‘गॉसिप’वर दोन शब्द

मिस टास्कर बोलायला उभ्या राहिल्या की घड्याळाकडे बघायचं नाही, हे लिंकनशरमधल्या थॉर्नबीच्या महिला मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंच्या हातचा खडू सुटला, जिभेचा पट्टा मात्र चालूच राहिला. या महिन्याच्या व्याख्यानाला त्यांनी एकच शब्द घेतला होता, गॉसिप.

"मुळात गॉसिप म्हणजे देवाच्या साक्षीने जोडलेलं माणूस," त्या म्हणाल्या. "बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारं. पुढे बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्या शेजारणींना हेच नाव पडलं. त्या खोलीत पुरुषांना मज्जाव. आत काय बोलतात ते कळेना, मग बाहेरच्यांनी ठरवलं की कुचाळक्याच करत असणार. शब्द बिचारा फुकट बदनाम झाला."

मागे कुणीतरी जांभई दिली. ती मिस टास्करना झोंबली. वर्गात त्यांच्यासमोर जांभई द्यायची कुणाची टाप नव्हती.

"नाव नाही घेत," त्या डोळे मिचकावत म्हणाल्या, "पण मीही एकदा अशी उशाशी बसलेय. बर्फाने रस्ते बंद, सुईण ट्रॅक्टरवरून येतेय, आणि ही बाई कळा देताना हाका मारतेय. नवऱ्याला नव्हे हो, भलत्यालाच."

हशा पिकला. बाई सुखावल्या. मग हशा एकाएकी थांबला, आणि का थांबला ते त्यांच्याही ध्यानात आलं. गावात सुईण ट्रॅक्टरवरून एकदाच आली होती, सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात, ऑड्री ड्रिंग जन्मली तेव्हा. ही गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. ऑड्रीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मिस टास्करच उभ्या राहिल्या होत्या; ती त्यांना विन मावशी म्हणायची.

ऑड्री तिसऱ्या रांगेत बसली होती. तिची आई मेव्हिस चहाच्या टेबलापाशी किटली धरून उभी होती. जीभ झडली असती तर बरं, असं मिस टास्करना वाटलं. उरलेलं व्याख्यान त्यांनी कसंबसं आटोपलं.

आभार मानायची पाळी मेव्हिसची होती. अध्यक्षीणबाई घुटमळल्या. "आज राहू दे का, मिसेस ड्रिंग?"

"का बरं?" मेव्हिस पुढे आली. "मिस टास्करांचं भाषण फार माहितीपूर्ण झालं. त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या. माझा हात त्यांनी क्षणभरही सोडला नाही. जे ऐकलं ते बावीस वर्षं पोटात ठेवलं, माझा नवरा सुखाने जाईपर्यंत. त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. केक खाल्ल्याशिवाय कुणी जाऊ नका."

बायकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मिस टास्करना त्या थोबाडीत बसाव्यात तशा लागल्या. मेव्हिसने शिव्या दिल्या असत्या तर त्यांना मान वर तरी करता आली असती.

ऑड्री त्यांच्यापाशी आली. आजूबाजूच्या बायका लगबगीने केक कापू लागल्या, कान मात्र इकडेच.

"विन मावशी, कोणाला हाका मारत होती ती?"

मिस टास्करनी ओठ घट्ट मिटले. आता मिटून काय उपयोग होता? "आईला विचार, बाळ," एवढंच त्यांना जमलं.

"तिला आणखी किती सोसायला लावू?" ऑड्री म्हणाली, आणि आईशेजारी जाऊन कप विसळू लागली.