आटेवाली नळी

ओहायोतल्या डेलबर्टने हरणाच्या शिकारीसाठी बंदुकीला नवी, आतून पेचदार आटे पाडलेली नळी घेतली, फक्त तिच्यातूनच सरळ जाणारी महागडी गोळी-काडतुसंही घेतली, आणि महिनाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं. बायकोचा भाऊ वेंडेल मात्र आजोबांची जुनीच बंदूक पुसत बसला.

शिकारीच्या पहिल्याच सकाळी वेंडेलने हरीण पाडलं. डेलबर्टचे तिन्ही बार हुकले. बघतो तर काय, बंदुकीला बदकांच्या शिकारीची जुनी गुळगुळीत नळी तशीच. नवी घरी कपाटात!

"नळीची चूक आहे रे!"

"असेल, दाजी. पण नेम हुकला की शर्टाचं शेपूट कापून भिंतीवर ठोकायचं, हा आपल्या शिकारी तळाचा नियम."

वेंडेलने कात्री काढून डेलबर्टचा शर्ट मागून ओढला. त्यावर लाल धावदोऱ्याची सरळ रेघ होती आणि खाली बहिणीने टाके घालून लिहिलं होतं, 'वेंडेल, इथून काप.'