बाजूला बसणाऱ्यांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. मुलींच्या शाळेत, बास्केटबॉलच्या मैदानाच्या कडेला माझी जागा होती. आता मी जिन्याखाली मोडक्या टेबलांमध्ये पडलो आहे. एक पाय कुजला आहे, म्हणून भिंतीला टेकून असतो.

प्रयोगशाळेचे जुने दरवाजे काढले, तेव्हा शाळेच्या सुताराने त्यांतून मला घडवले. मैदानावर नेले तेव्हा मला वाटले, आता मजाच मजा. पण राखीव खेळाडूंचा बाक म्हणजे वाट पाहणाऱ्यांची जागा, हे लवकरच कळले. माझ्यावर बसलेल्या मुलींचे पाय सतत हलत असत.

संघाची कर्णधार उंच, चपळ आणि जिभेची तिखट होती. ती माझ्यावर कधी टेकलीसुद्धा नाही. पाणीही उभ्यानेच प्यायची. 'बाकावरची' ही तिच्या तोंडची शिवी होती. धावण्यात मागे पडणाऱ्या एका मुलीला तिने 'गोगलगाय' म्हटले, आणि शाळाभर तेच नाव झाले. गोगलगाय बाटल्या भरायची, चेंडू पुसायची, आणि सगळ्या तिला हसल्या की आपणही हसायची. ते हसू ओठांपुरतेच असे.

एकदा सरावात कर्णधार उडी मारून खाली आली आणि तिचा गुडघा पिरगळला. ती ओरडली नाही. नुसती जमिनीवर बसून राहिली. डॉक्टरांनी सांगितले, चालता येईल, पण खेळणे विसरा. तिची आई खेळाच्या बाईंना येऊन भेटली. पोरगी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते, तिला निदान इथे बसू द्या, म्हणाली.

अशी ती माझ्याकडे आली. कुबड्या मध्ये आडव्या टाकून एका टोकाला बसायची. आधी मैत्रिणी भोवती जमत. पण काय बोलावे ते कोणालाच सुचेना, आणि एकेक करून सगळ्या यायच्या थांबल्या. गोगलगाय मात्र रोज पाण्याची बाटली ठेवून दुसऱ्या टोकाला बसे.

एक दिवस कर्णधाराने तिला विचारले, "तू कशाला येतेस गं रोज? तुला तर खेळायलाही मिळत नाही."

गोगलगाय म्हणाली, "घरी बसलं की वाटतं, आपण टीममध्ये नाहीच. इथे निदान आहोत, असं वाटतं."

कर्णधाराने मधल्या कुबड्या उचलून खाली ठेवल्या. त्या दिवसापासून ती बसल्या बसल्या गोगलगायीकडे चेंडू फेकू लागली. हात वर ठेव, चेंडूकडे नको, माणसाकडे बघ, असे सांगू लागली. चिडायची, मग स्वतःच थांबून पुन्हा समजावायची. हे तिला आधी जमत नसे.

शेवटच्या सामन्यात आमची एक मुलगी फाउलमुळे बाहेर गेली आणि बाईंनी गोगलगायीला आत पाठवले. खेळ संपता संपता तिने चेंडू मागितला आणि फेकला. तो रिंगच्या कडेवर फिरला आणि बाहेर पडला. आम्ही हरलो.

सगळ्या तिच्याकडे पाठ करून चपला शोधू लागल्या. ती एकटीच मैदानात उभी होती. तेव्हा कर्णधार कुबड्या सावरत तिच्याजवळ गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली.

"तो चेंडू तू मागितलास," ती म्हणाली. "बाकीच्या चौघी मागे सरल्या होत्या. मी बाकावरून बघितलं."

दोघी माझ्यावर येऊन बसल्या आणि खूप रडल्या. मला त्यांचे डोळे पुसता आले नाहीत.

कर्णधाराचा पाय पुढेही कधी सरळ झाला नाही. शाळा सोडतानाही ती लंगडतच गेली. बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कोणी आले नाही, आणि संघ मोडला. मैदानावर आता गाड्या उभ्या असतात. मला एके दिवशी ओढत इथे आणले. पुढे कदाचित माझे सरपण होईल.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त केलात तर बरेच वाटेल, पण माझा त्यासाठी हट्ट नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कोणाचा तरी खेळ अचानक थांबलेला असेल. त्यांच्याजवळ जाऊन बसा. बोलायला काही सुचले नाही, तरी उठू नका.