उघडी कपाटं

कॉलेजच्या ग्रंथपालबाईंना मुलं पाठीमागे श्शबाई म्हणायची, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्याचा राग सोडाच, मनातून त्यांना थोडा अभिमानच होता. त्यांच्या वाचनकक्षात खुर्ची सरकवायची कुणाची छाती नव्हती. पुस्तकं कुलूपबंद कपाटांत असत. ज्याला पुस्तक हवं त्यानं चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं, ती काउंटरवर द्यायची आणि शिपाईमामांनी आतून पुस्तक आणून द्यायचं. बाई रुजू झाल्यापासून एकही पुस्तक चोरीला गेलं नव्हतं. हे त्या आल्यागेल्याला आवर्जून सांगत.

तर अशा या कक्षावर परीक्षा विभागाचा डोळा होता. विभागप्रमुखांना उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा हवी होती, आणि वाचनालयातल्या निम्म्या खुर्च्या कायम रिकाम्या असतात हे त्यांनी प्राचार्यांच्या कानावर घातलं होतं. ते खोटंही नव्हतं. प्राचार्यांनी मधला मार्ग काढला. बाईंनी सत्र संपेपर्यंत ग्रंथालयाच्या सेवेचं मूल्यमापन करावं, काही सुधारता आलं तर सुधारावं, नाहीतर अर्धा कक्ष सोडावा. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. अर्धा कक्ष गेला की उरलेला जायला कितीसा वेळ लागणार?

त्यांनी प्रश्नावली छापून घेतली. पुस्तक न्यायला येईल त्याच्या हातात ती द्यायची, वर पेनही द्यायचं आणि त्याचं लिहून होईपर्यंत समोर उभं राहायचं, असा शिरस्ता ठेवला. सगळ्यांनी सेवा उत्कृष्ट असल्याची खूण केली. एकानं तर शांतता फार छान आहे असा शेराही मारला. बाई हरखून गेल्या.

संध्याकाळी जेवताना त्यांनी हे भाचीला सांगितलं. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. त्याच कॉलेजात शिकायची, म्हणून मावशीकडे राहायला आलेली, आणि जिभेला हाड नसलेली. तिनं घास गिळला, पण हसू काही तिला गिळता आलं नाही.

"मावशी, जे येतात त्यांनाच विचारलंस ना तू? तेही असं डोक्यावर उभं राहून?"

"मग काय, न येणाऱ्यांना विचारत फिरू?"

"मला विचार की."

बाईंचा हात ताटातच थांबला. पोरगी दुसऱ्या वर्षाला गेली, रोज आपल्याबरोबर घरातून निघते आणि वाचनालयाची पायरी चढत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. का येत नाहीस, असं त्यांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा जरा चढाच निघाला.

भाचीनं ताट थोडं बाजूला सारलं. मग म्हणाली, "चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहावं लागतं ना. मला ते नावच माहीत नसतं गं. माहीत नसतं, म्हणून तर पुस्तकं चाळून बघायची असतात. पहिल्या वर्षी आले होते एकदा. मामांनी विचारलं कुठलं हवंय, मला सांगता येईना. मागे ही रांग. तेवढ्यात तू आतून म्हणालीस, ठरवून यायला सांगा. मी आहे, हे तुला दिसलंच नाही."

बाईंना यातलं काही आठवत नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं. इतक्यांना इतक्या वेळा म्हटल्याशिवाय का असं विसरायला होतं? ताटं आवरताना त्या धुसफुसत राहिल्या. राग तर आला होता, पण तो काढायला स्वतःखेरीज कुणी सापडेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या कॅन्टीनमध्ये शिरल्या. गलका जागच्या जागी बसला. मुदत उलटलेली पुस्तकं वसूल करायला बाई इथपर्यंत आल्या, असंच पोरांना वाटलं. बाईंनी चहा घेतला, एका टेबलाशी जागा मागितली आणि सरळच विचारलं, तुम्ही वाचनालयात का येत नाही. आधी सगळ्यांनी वेळ मिळत नाही म्हणून अंग काढून घेतलं. बाईंनी दुसरा चहा सांगितला. तेव्हा कुठे एक मुलगा म्हणाला, की चिठ्ठीत लेखकाचं नाव चुकलं आणि सगळे हसले, तेव्हापासून तो आलाच नाही. मग इतरांनाही कंठ फुटला. बाई ऐकत राहिल्या. मध्येच उत्तर द्यायला जीभ वळवळत होती, ती त्यांनी चहात बुडवून ठेवली.

सोमवारी त्यांनी कपाटांची कुलपं काढली.

मामा हबकले. पुस्तकं जातील म्हणाले, आणि मग हळूच, आता माझं काम काय, असंही विचारलं. बाईंनी त्यांना कपाटांमध्येच खुर्ची दिली. कुणी चाचपडताना दिसलं की विचारायचं आणि वाट दाखवायची. पहिल्या आठवड्यात नुसता सावळागोंधळ झाला. रसायनशास्त्र कवितांच्या कपाटात जाऊन बसलं. एक चांगला शब्दकोश कायमचा गेला, आणि बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुलपं पुन्हा लावावीत, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण दारातून भाची दोन मैत्रिणींना ओढत आत आणत होती. बाईंनी मुकाट्यानं रसायनशास्त्र उचललं आणि जागच्या जागी नेऊन ठेवलं.

सत्राच्या शेवटी प्राचार्य आणि विभागप्रमुख आले. विभागप्रमुखांनी मोजमापाची टेपच बरोबर आणली होती. तिचं एक टोक त्यांनी मामांना भिंतीशी धरायला लावलं, दुसरं घेऊन निघाले आणि दोन कपाटांच्या मध्ये अडकले. खुर्च्या पुरल्या नव्हत्या, म्हणून मुलं जमिनीवर बसली होती. एका मुलीनं मान वर न करताच पाय थोडे आवळले. तेवढ्यानं काही वाट झाली नाही.

"मॅडम, उठवा ना जरा यांना," विभागप्रमुख म्हणाले. "तुमचं ऐकतात."

ते खरं होतं. बाईंनी एकदा ओठांवर बोट ठेवलं असतं, तरी सगळी उठली असती.

"मी नाही उठवणार," बाई म्हणाल्या. "फार उशिरा बसली आहेत ती."

प्राचार्यांनी खाली बसलेल्या मुलांकडे पाहिलं. मग टेप गुंडाळून विभागप्रमुखांच्या हातात दिली आणि गठ्ठ्यांसाठी तळमजल्यावरची खोली बघू म्हणत त्यांना बाहेर नेलं. बाई कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. कुणी बघू नये म्हणून त्या कोपरा शोधायला गेल्या, तर प्रत्येक कोपऱ्यात कुणी ना कुणी वाचत बसलेलं होतं.