संपर्क तुटला तर

माणसाने अग्नी वश केला आणि त्याच क्षणी संस्कृतीचा जन्म झाला. आमच्या भावोजींनी अग्नी वश केला तो एका शनिवारी दुपारी चार वाजता, इमारतीमागच्या गाड्या लावायच्या जागेत. तेव्हा त्यांच्या एकाच पायात सुरक्षा-बूट होता. दुसरा सापडत नव्हता.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालतात, चित्रं काढतात, निदान शेजाऱ्यांशी भांडतात. यांनी नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारा रिमोटचा ट्रक आणला. हातभर लांब, चार किलो वजनाचा, वीतभर उंच.

"हे खेळणं नाही, धाकटे," ते म्हणाले. (मला ते धाकटे म्हणतात. मी सदुसष्ट वर्षांचा आहे.) "आत खरं इंजिन आहे. ताशी साठ किलोमीटर."

"जायचंय कुठे?"

हे माहितीपुस्तिकेत नव्हतं.

ताईला त्यांनी प्रेक्षक म्हणून खाली आणलं होतं. तिचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता, आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू. तीन महिन्यांत दोन ऑपरेशनं झाली होती. हाड आत्ता कुठे धरू लागलंय, आता साधा धक्काही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आणि बसलाच, तर परत चालेल ना ती?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं.

तर ती भिंतीच्या कोपऱ्यात, लोखंडी खुर्चीत, पाय समोर स्टुलावर, पायाखाली घातलेली शाल जमिनीपर्यंत लोंबणारी. भावोजींनी तिच्याभोवती खडूने चौकोन आखला आणि आत सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'सुरक्षित क्षेत्र'.

"अहो, मी काय बुद्धिबळातला हत्ती आहे, असं चौकोनात ठेवायला?"

भावोजींनी खडू खिशात टाकला. "या रेषेच्या आत तुला काही होणार नाही," एवढंच म्हणाले.

"हे त्या गाडीला सांगितलंय का?"

जागेला तीन बाजूंनी उंच भिंती होत्या. शनिवार असल्यामुळे गाड्या बाहेर गेलेल्या. वारा नव्हता. कोपऱ्यातल्या पाइपातून पाण्याचा थेंब पडत होता, आणि तो पडला की ऐकू येत होता, इतकी शांतता.

भावोजींनी क्लिपबोर्ड काढला. चौतीस वर्षांची सवय. जे करायचं ते आधी मोठ्याने वाचायचं, मग खूण करायची.

"एक. आधी रिमोट चालू, मग गाडी. उलट केलं तर गाडी कुणाचंही ऐकते." खूण. "दोन. चाकं डावीकडे-उजवीकडे वळतात. ब्रेक लागतो." खूण. "तीन. फेलसेफ. म्हणजे रिमोटचा संपर्क तुटला की गाडीने काय करायचं, ते तिला आधी शिकवून ठेवायचं." ट्रकच्या खोक्यावर काय छापलंय ते त्यांनी पाहिलं. "फेलसेफ आहे." खूण.

"आहे, पण चालतो का?" मी विचारलं.

"काल शिकवलाय मी. पुस्तकात लिहिलंय, रिमोट घट्ट धरा आणि बटण दाबा. घट्ट धरला. बटण दाबलं."

कारखान्यातली आग विझवायची नळकांडीही ते अशीच तपासत. भिंतीवर आहे? आहे. पुढे.

मग इंधन. बाटलीचं झाकण उघडलं आणि गोडसर, डोक्यात चढणारा वास सुटला. "नायट्रो म्हणतात, पण आत बहुतेक मिथेनॉलच," भावोजी आवाज खाली आणून म्हणाले. "याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. माणूस पेटलेला असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हा नाचतोय का."

ताईने मान माझ्याकडे वळवली. "यांना काय काय माहीत असतं ना?"

त्यांनी हातमोजे चढवले. धुराच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवून इंजिन सुरू करायची दोरी दोनदा हळूच ओढली, तसं इंधन पारदर्शक नळीतून इंजिनाकडे सरकलं. बोट काढलं. इंजिनाच्या माथ्यावर, आतली तार तापवून इंधन पेटवणारी बॅटरीची कांडी बसवली आणि दोरी झटक्यात ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्या एवढ्याशा पेटीतून असा आवाज आला की माझे दात हुळहुळले. तीन भिंतींनी तो एकमेकींकडे टोलवला. निळा धूर जमिनीलगत पसरला आणि जाईना.

भावोजींनी कांडी काढली. ट्रक जागेवर थरथरत उभा. खरोखर, सगळं पुस्तकाबरहुकूम झालं होतं. आणि आता, प्रेक्षक जमलेले, यंत्र चालू, हातात क्लिपबोर्ड, अशा वेळी चौतीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. भाषण सुरू करायचं ठरवलं. भाषणाआधी हातातलं उपकरण बंद करायचं, हा त्यांनी स्वतःच कारखान्यात लावलेला नियम.

त्यांनी रिमोट बंद केला.

संपर्क तुटला. गाडीने शिकवलेलं केलं. आदल्या दिवशी भावोजींनी रिमोट इतका घट्ट धरला होता की बोट वेगाच्या चापावर दाबलेलं होतं आणि रिमोटवरचं वळवायचं चाक किंचित डावीकडे. ते तिने मन लावून लक्षात ठेवलं होतं.

ट्रक सुटला. भावोजींच्या बूट नसलेल्या पायाला चाटून गेला, रिमोट हातातून पडला, झाकण उडालं आणि आठ सेल आठ दिशांना गेले. ट्रक डावीकडे वळत वळत मोठं वर्तुळ काढून परत आला. पहिल्या फेरीत तो ताईपासून पंधरा पावलांवरून गेला. दुसऱ्या फेरीत बारा.

"संपेल, इंधन संपेल!" मी ओरडलो.

"संपत आलं की जास्त पळते!" भावोजी जमिनीवर रांगत ओरडले. "चार सापडले! पाच!"

आवाज चढत चालला होता. वेग वाढेल तसं वर्तुळ पसरत होतं. नऊ पावलं. ताई काहीच बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा मला लहानपणापासून भीती वाटते.

मी तिच्याकडे धावलो. खुर्ची ओढावी तर पाय स्टुलावरून आदळणार. पाय उचलून धरावा तर खुर्ची ओढायला हात कुठला? मागे भिंत, बाजूला भिंत. असं भक्कम सुरक्षित क्षेत्र मी दुसरं पाहिलं नाही. सहा पावलं. धुळीचा पट्टा ताईच्या चपलेवर येऊन पडला.

"धाकटे, चालत्या गाडीसमोर जायचं नाही! नियम नऊ!"

"मग मागून गाठू का? ताशी साठने?"

"सात सापडले!"

पुढची फेरी खडूच्या रेषेवरून जाणार होती, हे त्यांनाही दिसलं असावं. ते ओरडायचे थांबले. ट्रक लांबच्या भिंतीपाशी वळला आणि आमच्याकडे तोंड करून सरळ झाल्यासारखा वाटला. मी त्याच्याकडे पाठ केली, ताईच्या पुढ्यात बसकण मारली आणि स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी आवळून धरले. शूर माणसं म्हणे समोरून वार घेतात. मला बघवत नव्हतं.

कंबरेच्या वर काहीतरी असं बसलं की श्वास परत यायला विसरला. पण स्टूल हललं नाही. माझ्या मागे ट्रक उताणा पडून चारी चाकं हवेत फिरवत किंचाळत होता. भावोजी एका बुटानिशी धावत आले, गुडघ्यांवर पडले आणि इंधनाची नळी चिमटीत धरली. किंचाळणं एकदा वर चढलं आणि तुटलं.

पाण्याचा थेंब पुन्हा ऐकू येऊ लागला. भावोजींनी नळी सोडली नव्हती. ते प्लास्टरकडे पाहत होते, क्लिपबोर्डाकडे नाही.

"पाय?" त्यांनी विचारलं. एवढंच.

ताईने बोटं हलवून पाहिली. अंगठा, मग बाकीची, एकेक करून. सगळी हलली. मग ती खाली वाकली, माझ्या कानापाशी आली. सदुसष्ट वर्षांत आम्ही एकमेकांना कधी काही गोड बोललेलो नाही. मी डोळे मिटले.

"पाय बरा आहे," ती म्हणाली. "तू माझ्या शालीवर बसलायस. जरा ऊठ."