गच्चीवरचं डोकं

त्याला सगळी गल्ली शिडी म्हणायची, इतका तो उंच होता. धंदा सलूनचा, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यांवर वाकून उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत पाठीचं पार धनुष्य व्हायचं. मग तो शटर ओढायचा, घरी यायचा आणि चहाचा कप घेऊन गच्चीवर सरळ उभा राहायचा. दिवसातून तेवढाच वेळ तो आपल्या पूर्ण उंचीचा असायचा.

गावात नियम होता की डोंगर सगळ्यांना दिसला पाहिजे. म्हणून कुणी दोन मजल्यांच्या वर बांधायचं नाही आणि गच्चीवर कायमस्वरूपी काही उभं करायचं नाही. पाण्याच्या टाक्यासुद्धा लोकांनी आडव्या बसवल्या होत्या. शिडीचं घर अगदी नियमाच्या रेषेपर्यंत होतं. रेषेच्या वर होता तो फक्त शिडी.

समोरच्या घरात एक निवृत्त न्यायाधीश एकटेच राहायचे. एकदा दाढी करून घेताना, गळ्यावर वस्तरा असताना, ते फार सभ्यपणे म्हणाले, "राग मानू नका, पण संध्याकाळी तुम्ही डोंगराच्या मधे येता."

शिडी हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने गंमत केली. पण चारच दिवसांत न्यायाधीशांच्या तक्रारीवरून टेप घेऊन मोजणीसाहेब दारात हजर. त्यांनी घर मोजलं, ते बरोबर निघालं. मग त्यांनी शिडीला गच्चीवर उभं करून मोजलं. रोज त्याच जागी, त्याच वेळी उभी असलेली वस्तू कायमस्वरूपीच धरावी लागते, असं त्यांनी समजावून सांगितलं. घराला धक्का लावायची गरज नव्हती, शिडी गुडघ्यात दुमडला तरी भागणार होतं. "उभे राहिलात तर नियमात बसत नाही," ते म्हणाले, "तेव्हा बसा."

शिडीची बायको ठेंगणी. कठड्यावरून तिचं जेमतेम नाक दिसायचं, त्यामुळे तिला कुठलाच नियम लागू नव्हता. तिने नवऱ्याला सांगितलं, काही ऐकू नका. पण शिडी पडला पापभीरू. तो गच्चीवर रांगायला लागला. चहा फरशीवर ठेवून प्यायचा, कपडे रांगत गोळा करायचा. पाठ आणखीच धरली. दुकानात नीट वाकता येईना, आणि महिन्याभरात अर्ध्या गल्लीचे कल्ले एकीकडे वर, एकीकडे खाली.

शेवटी बायको तडक न्यायाधीशांकडे गेली. त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, उशीही दिली. समोर डोंगर दिसत होता. त्याच्या खाली कठड्याच्या जाळीतून तिचा नवरा दिसत होता, दातांत चिमटे धरून, चार पायांवर, सदऱ्यांच्या मागे लपतछपत फिरणारा.

"असे दिसतात ते इथून?"

"पूर्वी बरे दिसायचे," न्यायाधीश खाली मान घालून म्हणाले. "आता माझं डोंगराकडे लक्षच लागत नाही. सारखं वाटतं, बिचाऱ्याचे गुडघे सोलवटले असतील."

त्यांनी तक्रार मागे घ्यायचं ठरवलं. पण ती मागे घेता येईना, कारण कागदोपत्री आता तक्रारदार ते नव्हतेच, डोंगर होता. बऱ्याच खटपटीनंतर मोजणीसाहेबांनीच तोड काढली: शिडीला संरक्षित दृश्याचा भाग म्हणून जाहीर करायचं. तसं झालं, आणि शिडी पुन्हा ताठ उभा राहिला.

पंधरा दिवस बरे गेले. मग त्याला ताप आला, तो अंथरुणावर पडला, तर दृश्य अपुरं का, हे विचारायला साहेब थेट खोलीत आले. पुढे परगावी दिलेल्या लेकीला बाळ झालं. शिडीने सुट्टी मागितली. त्याच उंचीचा बदली माणूस द्या, असं उत्तर आलं. बायको म्हणाली, "डोंगराला सांगा, नातू झालाय." तिने कुलूप घातलं आणि नवऱ्याला गाडीत बसवलं.

परत आले तेव्हा संध्याकाळ होती. गल्लीतूनच शिडीला आपल्या गच्चीवर कुणी उभं असल्याचं दिसलं. बाहेरच्या जिन्याने दोघं धावत वर गेले. टेबलावर स्टूल, स्टुलावर न्यायाधीश, अंगात शिडीचा दुकानातला कोट, हातात रिकामा कप.

"तुम्हाला दंड होऊ नये म्हणून रोज येतोय," ते ओशाळून म्हणाले. मग डोंगराकडे बोट करून हळूच बोलले, "इथून हा पायथ्यापासून दिसतो हो. माझ्या खुर्चीतून निम्माच दिसायचा. मला इतकी वर्षं वाटत होतं, तेवढाच आहे."

शिडीने त्यांना काखेत हात घालून अलगद खाली उतरवलं. बायकोने आधी नातवाचा फोटो त्यांच्या हातात दिला आणि मग चहा टाकायला गेली.

त्यानंतर तिघंही रोज गच्चीवर असतात. स्टूल आता बायकोकडे आलंय. ते बघून मोजणीसाहेब पुन्हा टेप घेऊन आलेत, आणि डोंगराकडे पाठ करून तिची उंची मोजतायत.