वन्स मोअर

सदानंद आणि विल्फ्रेड दोघेही माजी फौजी. आता शारजाच्या औद्योगिक भागात एकाच गोदामावर सिक्युरिटीची नोकरी करत होते. वसईचा विल्फ्रेड श्रीलंकेतल्या लढाईतून परतला, तो झोप तिकडेच ठेवून. दार आपटलं तरी घामाघूम व्हायचा. गोळ्या झाल्या, चर्चमधले नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे नोव्हेना झाले, काही उपयोग झाला नाही. शेवटी सदानंद त्याला दर शुक्रवारी हत्ताच्या डोंगरात न्यायला लागला. कातळ चढायचा, दोर बांधून घळीत उतरायचं आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही. हळूहळू विल्फ्रेडला झोप लागायला लागली. चहाचा कप त्याच्या हातात न हिंदकळता राहायला लागला. हे टिकावं, एवढंच सदानंदचं मागणं होतं.

पण शारजातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष निनाद यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि घात झाला.

"फौजींसाठी ॲडव्हेंचर कॅम्प! काय सॉलिड कन्सेप्ट आहे, सदानंदराव! मंडळ फुल सपोर्ट करेल."

"साहेब, त्याला गर्दी सोसत नाही."

"अहो, गर्दी कसली? आपलीच तर माणसं!"

आपलीच माणसं गाड्या भरभरून आली. डोंगराच्या पायथ्याशी बॅनर, लाऊडस्पीकर आणि मसालेभाताची पातेली मांडून बसली. चढायचं कुणाच्या मनातही नव्हतं. विल्फ्रेडला खांद्यावरच्या दोरासकट खुर्चीत बसवून शाल-श्रीफळ दिलं. एका बाईंनी हौसेनं विचारलं, "तुम्ही किती जणांना मारलंत हो?" आणि उत्तराची वाट न बघता त्या ढोकळ्याकडे वळल्या. सदानंदला शिसारी आली.

"साहेब, खलास! पुरे करा आता. आम्ही वर जातो," तो म्हणाला.

"जाल हो! मुलांचा एक गेम होऊन जाऊ दे."

गेम फुगे फोडायचा होता. सदानंद "नको!" म्हणून ओरडला, पण स्पीकरपुढे त्याचं कोण ऐकणार? फटाफट फुगे फुटले. विल्फ्रेडनं खुर्चीतून झेप घेतली, निनादच्या छोट्या मुलीला, आभाला, कवेत घेऊन खाली पाडलं आणि तिला आपल्या अंगाखाली झाकून तो वाळूत पालथा पडला.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! याला म्हणतात फौजी!" निनाद माइकवर गरजले. "कॅमेऱ्यात नीट आलं नाही हं. वन्स मोअर!"

"वन्स मोअर! वन्स मोअर!" नाटकाला आल्यासारखी सगळी ओरडायला लागली. शिट्ट्या वाजल्या. माणसाच्या जातीचीच किळस यावी, असे ते तृप्त चेहरे होते.

खालून आभा रडवेल्या आवाजात म्हणाली, "डॅडी, स्टॉप इट! अंकल इज क्राइंग!"

सदानंदनं ती शाल विल्फ्रेडच्या डोक्यावरून पांघरली आणि स्वतः त्याच्या शेजारी वाळूत आडवा झाला. "खलास, विली. पोरगी ठीक आहे. सोड तिला." सोडायला त्याला फार वेळ लागला.

पुढच्या शुक्रवारी विल्फ्रेड ठरलेल्या जागी आला नाही. सदानंद त्याच्या खोलीकडे निघाला, तेवढ्यात निनादचा फोन आला. "कॅसेट मस्त झालीय! गणपतीत दाखवू. विल्फ्रेडना घेऊन याल ना?" सदानंदनं फोन बंद केला आणि रस्त्याच्या कडेला थुंकला.

खोलीत विल्फ्रेड खाट आणि भिंत यांच्या फटीत, गुडघ्यांत डोकं खुपसून बसला होता. पायात डोंगरात जायचे बूट होते, नाड्या घट्ट बांधलेल्या.

"निघालो होतो रे," तो म्हणाला. "दारापर्यंत गेलो पण."

त्याच्या हाताला धरून सदानंद त्या फटीतच खाली बसला.