आखाजीच्या वाळूत उतरलेला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना, काळा, नारळाएवढा दगड आहे. दिसायला अगदी साधा. पण मला उचलायला दोन हात लागतात, कारण माझ्या पोटात ठासून लोखंड भरलेलं आहे. माझं माहेर मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मधे आहे.

देवानं ग्रह घडवले, तेव्हा कुंभाराच्या चाकाभोवती चिखल उरावा तसे आम्ही उरलो. गुरू एवढा मोठा, त्याची ओढ एवढी जबर, की आम्हाला एकत्र येऊन ग्रह होताच आलं नाही. माणसं आम्हाला लघुग्रह म्हणतात. लाखो भावंडं मिळून आम्ही सूर्याला प्रदक्षिणा घालत होतो. तिथे सगळं होतं, फक्त आवाज नव्हता. हवाच नाही, तर नाद कुठून येणार? टाळकरी उभे आहेत आणि टाळ मुके आहेत, असं ते भजन. ते किती युगं चाललं, कोण मोजणार?

मग दोन थोरली भावंडं एकमेकांवर आदळली. एकाच्या पोटातलं लोखंड फुटून बाहेर आलं, तो मी. वाट चुकलो, भटकलो आणि एके दिवशी पृथ्वीनं मला जवळ ओढलं.

खरं सांगतो, मला धास्ती वाटत होती. आमच्यातले सगळेच गरीब नसतात. एक भावंड विदर्भात उतरलं, तिथे लोणारचं तळं झालं. त्याच्याही फार आधी डोंगराएवढं एक भावंड पडलं होतं. तेव्हा धुरळ्यानं सूर्य झाकला गेला आणि पृथ्वीवर हिंडणारे प्रचंड सरडे संपले. उतरताना मी एवढंच म्हणत होतो, देवा, माझ्या हातून कोणाचं काही मोडू नये.

पण मोडलंच.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. शहाद्याच्या बाजूला गोमाई नदीच्या दोन काठांवर दोन गावं आहेत. तो आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात आणि मातीची गौराई नदीवर बोळवतात. त्या वेळी दोन्ही गावांच्या बाया समोरासमोर उभ्या राहून बार खेळतात, म्हणजे एकमेकींना टोमणे मारतात, बारीक गोटे फेकतात. खेळच तो. संध्याकाळी सगळं विसरायचं.

हवेत शिरताच माझं अंग पेटलं आणि मोठा गडगडाट झाला. माझ्या आयुष्यातला तो पहिला आवाज. खाली बायांना वाटलं, कुठे विहिरीला सुरुंग लावला असेल. सगळ्यांच्या नजरा समोरच्या काठावर. वर कोण बघणार? मी पडलो तो थेट अलीकडच्या काठावर, जसोदाबाईनं वाळूत ठेवलेल्या गौराईवर. वरून जळलेलं माझं अंग एव्हाना निवलं होतं.

"कोन मारा व हाऊ धोंडा?" जसोदाबाई ओरडली. "मन्ही गौराई फोडी टाकी."

पलीकडे गोफण घेऊन धनुबाई उभी होती. ती जसोदाबाईची विहीण. जसोदाबाईची सिंधू तिच्याच घरी दिलेली. धनुबाईची गोफण दोन्ही गावांत नावाजलेली होती. तिच्याभोवतीच्या बाया कौतुकानं बघायला लागल्या आणि धनुबाईची मान ताठ झाली.

"मी मारा," ती म्हणाली. "मन्हा हात शे हाऊ. दम शे तर फेक परत."

जसोदाबाईनं तिच्या घरादाराला शाप दिले. धनुबाईनंही सांगून टाकलं, "मन्ही सून आते आखाजीले तठे जावाव नही."

मित्रांनो, वर्षभर दळण-कांडण करताना सासुरवाशिणी एका आखाजीची वाट बघतात. सिंधूच्या दोन आखाज्या गेल्या. लिंबाला तिचा झोका बांधला जाई, वाऱ्यानं हलत राही. जसोदाबाईनं मला पुरावा म्हणून घरी ठेवलं. मांजर दुधात तोंड घालू नये म्हणून दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर मी बसायचो. रोज दोन्ही हातांनी मला उचलताना ती विहिणीला बोल लावी. तिच्या मनगटांना सगळं कळत होतं, मनाला कळत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी चैत्रात सप्ताहाला कीर्तनकार दोधूबुवा आले. त्यांचं जेवण जसोदाबाईकडे होतं. आल्यागेल्याला दाखवायच्या रिवाजाप्रमाणे तिनं मला पुढे केलं. बुवांनी एका हातानं मला घ्यायला पाहिलं, मग दुसरा हात लावला. माझ्या अंगावरचे अंगठ्यानं दाबल्यासारखे खळगे चाचपले. मग त्यांनी मला उपरण्यात बांधलं.

काल्याचं कीर्तन नदीच्या पात्रात, दिवसा. काला दोन्ही गावांचा, म्हणून दोन्ही गावं आलेली. मृदंगावर थाप पडली आणि माझ्या पोटातलं लोखंड थरथरलं. मुक्या आकाशातून मी कशासाठी आलो, ते मला त्या थापेत कळलं.

मधेच अभंग थांबवून बुवा म्हणाले, "धनुबाई, पुढे या. हा दगड तुम्हीच मारलात ना? मग आमच्यासमोर एकदा मारा."

"आते? गोफन घर शे."

"मी आणवली आहे."

तिचा नवरा रेवजी मागून म्हणाला, "घरमा भांडा त रोज फेकस. उठ नं."

सभा हसली. धनुबाईनं पदर खोचला, मला गोफणीत घातलं, जोर लावला. दोरी तुटली. मी तिच्या पायापाशी धप्पकन पडलो. ती वाळूत खाली बसली.

"बुवा, मी मारा नही."

"मंग बोलनी कसाले?" जसोदाबाईनं विचारलं.

"बठ्ठ्या बाया वाहवा कराले लागन्यात. माले बरं वाटनं. मंग मांगे येता उनं नही."

बायांत बसलेल्या सिंधूनं पदर डोळ्यांना लावला. बुवांनी मला उचललं. "असाच दगड मी संग्रहालयात काचेआड पाहिला आहे. हा वरून आला, बायांनो. ग्रह घडताना उरलेला कण आहे हा. इतक्या लांबून आला आणि आपण त्याला भांडणात घातला." कोणी शेंदूर आणायला उठलं, तर त्यांनी बसवलं. "देव पुष्कळ आहेत, त्यांचंच नीट करा. हा पाहुणा आहे, पाहुण्यासारखा ठेवा."

त्या आखाजीला धनुबाई स्वतः सिंधूला घेऊन नदी ओलांडून आली. डोक्यावर नवी गौराई होती, तिच्याच हातची, जराशी वाकडी.

मी अजून दुधावर राखण करतो. आखाजीला मला वाळूत नेतात आणि दोन गावांच्या मधोमध ठेवतात. मित्रांनो, तुमच्या अंगणात असा एखादा जड, जळका दगड आला तर त्याला फेकू नका, फोडू नका, त्याला शेंदूरही लावू नका. जाणत्याला दाखवा. आणि कोणी मारला हे विचारण्याआधी तो एकदा स्वतः हातात घेऊन बघा.

सिंधू आली त्याच्या पुढच्या आखाजीला पलीकडून विहिणीचा ओळखीचा आवाज आला. "व याहीन, संभाळ. आज मीच मारसू."

गोफण फिरली. एक हिरवी कैरी माझ्या डोक्यावरून उडत गेली आणि जसोदाबाईच्या पसरलेल्या पदरात बरोबर पडली.